फुटक्या तावदानांचा छंद

पुण्याच्या पेठांतून जुने वाडे पाडून त्यांच्या जागीं सदनिकांच्या इमारती उभारण्याचें काम गेलीं कित्येक वर्षें चालू आहे. वाडा उतरवितांना सागवानी खांब-तुळयांना गिऱ्हाईक मिळतें, पितळी कड्या-कोयंड्यांस भाव येतो. कमानींतल्या रंगीत कांचांना मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. चौकट विकत घेणारा पुष्कळदां कांच जागच्या जागींच फोडून टाकतो, कारण वाहून नेतांना ती फुटून हात कापण्याचें भय. ज्या तांबड्या-निळ्या तावदानांतून आलेलें ऊन तीन तीन पिढ्यांनीं दिवाणखान्याच्या जाजमावर पाहिलें, त्यांची रास अखेरीस राडारोड्याबरोबर गाडींत भरली जाते. ह्या राशींतून काय वांचवितां येईल आणि कसें, याविषयीं आमच्या सहा-सात वर्षांच्या अनुभवाचे चार शब्द वाचकांपुढें ठेवीत आहों.

रंगीत तुकडे शेजारीं शेजारीं बसवून चित्र उठविण्याची कला म्हणजे मोझेइक. मराठींत तिला कुट्टिमचित्रण असें नांव आहे. संस्कृतांत कुट्टिम म्हणजे जडावाची फरसबंदी, आणि ‘कुट्ट्’ धातूचा अर्थ कुटणें, तोडणें. इटलींतील राव्हेन्ना येथें इ. स. ५४७ मध्यें प्रतिष्ठापना झालेल्या सान व्हिताले ह्या ख्रिस्ती मंदिरांतील कांचेचीं कुट्टिमचित्रें आजही भिंतींवर आहेत. तेथील तुकडे अगदीं सपाट न बसवितां किंचित् तिरके बसविलेले असल्यामुळें पाहणारा चालूं लागला कीं प्रकाशही त्याच्याबरोबर हलतो. पण ती कांच त्या कामाकरितां मुद्दाम केलेली होती. टाकाऊ तुकड्यांस मान मिळाला तो पुष्कळ पुढें. बार्सिलोना येथील, आंतोनी गौडी यानें १९०० ते १९१४ ह्या काळांत रचलेल्या ग्वेल उद्यानांत एक लांबलचक नागमोडी बांक आहे. गौडीचा सहकारी जुजोल यानें तो फुटक्या लाद्यांच्या तुकड्यांनीं मढविला. आपल्या देशांत नेकचंद नांवाच्या एका सरकारी नोकरानें चंदीगड येथें फुटक्या बांगड्या आणि कपबशा यांतून गुपचूप एक सृष्टि उभारली. तें रॉक गार्डन १९७६ मध्यें लोकांस खुलें झालें.

मुंबईच्या राजाबाई मनोऱ्यांतील चित्रकांचांची रीत निराळी. त्यांत तुकडे शिशाच्या पट्ट्यांनीं एकमेकांस जोडतात, आणि त्यास भट्टीचें व डाख देण्याचें काम यावें लागतें. घरच्या घरीं झेपेल अशी रीत म्हणजे कांचेवर कांच चिकटविण्याची. जुन्या खिडकीचें एखादें साधें, धड तावदान आपल्या चौकटीसह राहूं द्यावयाचें आणि त्याच्याच पाठीवर रंगीत तुकड्यांचें चित्र रचावयाचें. अशी खिडकी प्रकाशासमोर टांगली म्हणजे ती पुन्हां खिडकीचेंच काम करूं लागते.

परंतु ह्या छंदास एक नियम पाहिजे, तो हा कीं धड रंगीत तावदान फोडूं नये. हा नियम आम्हांस घरांतल्या एका वादानें शिकविला. आमचा वाडा उतरला तेव्हां चार भावांचीं चार बिऱ्हाडें झालीं. दिवाणखान्याच्या कमानीवर २४ तावदानें होतीं. १७ धड, ७ फुटलेलीं. धाकट्या भावाचें म्हणणें पडलें कीं, कमान सोडवून कांचा सारख्या वांटाव्या. भांड्यांची झाली तशीच ही वांटणी. थोरल्या वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, वांटल्यावर कांचा उरतील, कमान उरणार नाहीं.” दादा नुकतेच गेले होते, त्यामुळें वहिनींपुढें कोणी अधिक बोललें नाहीं. सात ठिकाणीं साधी कांच घालून कमान त्यांच्या घरीं बसली, आणि फुटलेल्या सात तावदानांतून आम्हीं इतर तीन घरांसाठीं तीन चित्रें केलीं. ही वांटणी बरोबरीची झाली असें धाकट्या भावास आजही वाटत नाहीं, आणि हिशेबानें पाहतां त्याचें चुकतें असेंही म्हणतां येत नाहीं. तरी त्याच्या घरच्या चित्रावर सकाळीं ऊन पडतें तेव्हां त्याची नात त्याच्यापुढें जमिनीवरचे रंग मुठींत धरूं पाहते, हें आम्हीं पाहिलें आहे.

आतां कृतीकडे वळूं. पहिली सावधगिरी जुन्या रंगाची. पूर्वींच्या तेलरंगांत शिसें असे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशास दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनीं घातली. म्हणून जुनी चौकट कोरड्या पॉलिशकागदानें घांसूं नये. रंग पाण्यानें भिजवून खरवडावा, खरवडलेला चुरा कागदांत गुंडाळून वेगळा ठेवावा आणि त्या जागीं मुलांना फिरकूं देऊं नये. तावदानाभोंवतीची लांबी दगडासारखी झालेली असते. ती पटाशीनें थोडी थोडी काढावी. घाई केली कीं कांच गेलीच.

दुसरें काम कांच तोडण्याचें. हिरकणी किंवा हल्लीं दुकानांत मिळणारें चिमुकल्या कठीण चाकाचें हत्यार घ्यावें. कांच स्वच्छ पुसून, चाकास रॉकेलाचा थेंब लावून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच रेघ ओढावी. त्याच रेघेवर पुन्हां हत्यार फिरवूं नये. रेघेनें कांच कापली जात नाहीं. पृष्ठावर केवळ एक सूक्ष्म चीर पडते, आणि दोन्ही बाजू धरून कांच वांकवितांच ती चीर आरपार धांवते. ऊन-पाऊस सोसलेली कांच मात्र नव्या कांचेसारखें ऐकत नाहीं; ती पुष्कळदां वेडीवांकडी फुटते, आणि ह्या कामांत तें चालतें. अलीकडच्या दारांची कडक केलेली कांच येथें उपयोगी नाहीं. तिला तोडूं जातां ती सबंध दाण्यांसारखी विखुरते. डोळ्यांस चष्मा, पायांत जोडा हवाच. तुकड्यांच्या कडा कुरुंदाच्या दगडावर पाणी घालून घांसाव्या, म्हणजे धार जाते आणि भुकटी उडत नाहीं.

तिसरें काम रचनेचें. कागदावर काढलेलें चित्र तावदानाखालीं ठेवावें. तें वरून स्पष्ट दिसतें, म्हणून निराळा आराखडा गिरविण्याचें कारण पडत नाहीं. आरंभीं कुइरी, कमळ, तुळशीवृंदावन अशीं रांगोळींतलीं चित्रें घ्यावीं. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हातास रेषेचें भान आधींच असतें. आमच्या घरांत हें काम सुनांस आमच्याहून लौकर साधलें. पारदर्शक सिलिकोननें तुकडे चिकटवितांना दोन तुकड्यांत सुमारें २ मिलिमीटर अंतर ठेवावें. चोवीस तास वाळूं दिल्यावर सांध्यांत लाद्यांच्या सांध्यांसाठीं मिळणारा लेप भरावा आणि तुकड्यांवरचा वेळींच ओल्या फडक्यानें पुसून घ्यावा. लेप काळसर असला तर रंग अधिक खुलतात.

वजनाचा हिशेब विसरूं नये. ३ मिलिमीटर जाडीची कांच चौरस मीटरला साडेसात किलो भरते. ६० सेंटिमीटर रुंद व ९० सेंटिमीटर उंच अशा तावदानावर तितक्याच जाडीचे तुकडे बसविले तर नुसती कांचच आठ किलोंच्या घरांत जाते. चौकट आणि लेप निराळे. म्हणून खिळ्यावर विसंबूं नये, भिंतींत किंवा तुळईंत पक्के स्क्रू बसवून घ्यावे.

हें करतांना कांचेचें शास्त्रही कळत जातें. निळा रंग कोबाल्टाचा, बाटलीचा हिरवा लोखंडाचा, गर्द तांबडा तांब्याचा किंवा सोन्याचा. कांहीं जुन्या बिनरंगी कांचेंत मँगनीज असे. ती वर्षानुवर्षें उन्हांत राहून फिकी जांभळी होते. कांच हळूहळू ओघळते म्हणून जुनें तावदान खालीं जाड असतें, हा समज खरा नाहीं. जुन्या रीतीनें केलेली कांच मुळांतच कमी-जास्त जाडीची असे. वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट कांच करण्याची रीत विलायतेंतील पिल्किंग्टन कंपनीनें १९५९ मध्यें जाहीर केली. त्याआधींच्या तावदानांत म्हणूनच लहरी दिसतात. ही लहरी कांच फेंकूं नये. चित्रांत नदी दाखवावयाची असेल तर तिच्यासारखें पाणी दुसऱ्या कशानेंही साधत नाहीं.

सुभाषितकारांनीं मण्याचें मोल सांगण्यासाठीं कांचेस नेहमीं हलकी ठरविली आहे. बाजाराच्या दृष्टीनें तें योग्यच आहे. परंतु घरांत राहून गेलेल्या वस्तूचें मोल बाजार ठरवीत नाहीं.

म्हणून ज्यांचा वाडा उतरावयाचा आहे त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे. ठेकेदाराचीं माणसें येण्यापूर्वीं आठ दिवस आधीं एकदां शिडी लावून कमानी पाहाव्या. प्रत्येक तावदानाचें छायाचित्र घ्यावें, त्यावर कागदी चिठ्ठी लावून क्रमांक घालावा, आणि धड कोणतें व फुटकें कोणतें याची यादी सर्वांसमक्ष करावी. धड असेल तें धड राहील असें पाहावें. फुटकें असेल तें रद्दीच्या कागदांत गुंडाळून खोक्यांत भरावें आणि खोक्यावर घराचें नांव घालावें. पुढें काय करावयाचें तें सवडीनें ठरवितां येईल; खोकें दहा वर्षें पडून राहिलें तरी त्यांतील रंगांस कांहीं होत नाहीं.