जुना लॅपटॉप भंगारात काढण्यापूर्वी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबविला आणि सुस्थितीतील असंख्य लॅपटॉप एका दिवसात कालबाह्य ठरले. त्यांना लिनक्सचा आश्रय मिळू शकतो. परंतु पॅकेज बसविताना पडद्यावर दोषसूचना उमटली की यंत्रच निकामी आहे, असा समज करून घेऊन प्रयत्न सोडला जातो. हा समज बहुधा निराधार असतो.

या दोषांची नेहमीची कारणे मोजकीच आहेत. घड्याळाचा सेल संपल्याने यंत्राची तारीख मागे पडते. मग भांडाराची सूची ‘अद्याप वैध नाही’ म्हणून नाकारली जाते. तारीख दुरुस्त केली की काम पुढे सरकते. ‘४०४’ दिसल्यास यंत्रातील सूची शिळी झालेली असते, अथवा त्या आवृत्तीची पॅकेजे अभिलेखागारात हलविलेली असतात. निरनिराळ्या आवृत्त्यांची भांडारे एकत्र केल्यास पॅकेजांचे परस्परावलंबन बिघडते.

खरी मर्यादा एकच: ३२ बिटांचा प्रोसेसर. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘डेबियन १३’ने अशा यंत्रांसाठी प्रस्थापक देणे बंद केले, ‘डेबियन १२’मध्ये मात्र तो आहे.

सूचनांच्या रांगेत मूळ दोष बहुधा पहिल्या ओळीत असतो, पुढच्या ओळी त्याचे परिणाम असतात. ती ओळ शांतपणे वाचण्याची सवय शाळेतच लावली पाहिजे. अन्यथा कामाचे यंत्र भंगारात जाईल आणि नव्याचा भुर्दंड गरीब विद्यार्थ्याच्या पालकावर पडेल.