निंबाचा झोका आणि कोरियातली घंटा

फैजपूरकडे अक्षय तृतीयेला सगळे म्हणतात आखाजी. वैशाखातलं ऊन असं, की पाऱ्यानं चाळिशी कधीच ओलांडलेली. घरात पितरांसाठी नवी घागर भरलेली, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज आणि आंबा. चुलीवर खापर पालथं घालून पुरणाचे मांडे चाललेले. सासरी गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या. आता सांगा, त्या सगळ्या जणी सापडतील कुठे? निंबाखाली! कारण निंबाला झोका बांधलाय.

वैशाखात निंबाला नवी पालवी असते, त्यामुळे ऐन उन्हात गार सावली. रब्बी निघालेली, खरिपाला अवकाश, म्हणून शेतातही जरा उसंत. जाड फांदीवर गोणपाटाची घडी ठेवून त्यावरून दोर सोडतात, म्हणजे साल कापत नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर कविता केली, तिच्यातही हा निंबाचा झोका आहेच.

आता एक कोडं. ताई जड, तुम्ही हलके. एकाच झोक्यावर आधी ताई बसली, मग तुम्ही. पुढे जाऊन परत यायला कुणाला जास्त वेळ लागेल? ताईला ना? चूक! दोघांना जवळजवळ सारखाच लागतो. झोक्याला वजनाशी घेणंदेणं नाही, त्याला कळते फक्त दोराची लांबी. दोर 1 मीटरचा असला तर एक फेरी साधारण 2 सेकंदांची, 4 मीटरचा असला तर 4 सेकंदांची. लांबी चौपट, वेळ मात्र दुप्पटच. म्हणून उंच फांदीचा झोका असा संथ, डुलत डुलत येतो.

मग मागून कुणी न ढकलता झोका चढतो कसा? उभ्यानं झोका घेणाऱ्या मावशीचे गुडघे नीट बघा. झोका अगदी खाली येतो तेव्हा त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो आणि अंग जड झाल्यासारखं वाटतं. नेमकी तेव्हाच ती ताठ उभी राहते. पायांना भरपूर जोर लावावा लागतो आणि तो सगळा जोर झोक्याला मिळतो. वरच्या टोकाला झोका क्षणभर थांबतो, अंग हलकं होतं, तेव्हा ती गुडघे वाकवते. वाकताना थोडं जातं, उठताना जास्त मिळतं. असं करत करत झोका फांदीच्या उंचीला भिडू पाहतो. हे गणित तिला कुणी शिकवलं नाही, पायांनीच शोधलंय!

आणि गंमत म्हणजे हा शोध आपल्या एकट्यांचा नाही. कोरियात दानो नावाचा सण असतो, चांद्र वर्षाच्या पाचव्या महिन्यातल्या पाचव्या दिवशी. तिथल्या बायका उभ्यानं झोका घेतात आणि समोर उंच टांगलेली घंटा पायानं वाजवायची शर्यत लावतात. नेपाळात दसऱ्याला, म्हणजे दशैंला, उंच बांबूंचा झोका उभारतात. वर्षातून एकदा तरी पाय जमिनीवरून सुटावेत, असं तिथे मानतात. लाटव्हियात ईस्टरला झोका घेतला की उन्हाळ्यात डास चावत नाहीत म्हणे! एस्टोनियात तर दोराऐवजी पोलादी दांड्या लावून झोक्याची पूर्ण चक्कर मारतात. दोराचा झोका फांदीच्या वर गेला तर दोर सैल पडून माणूस खाली येईल, म्हणून आपण तसं कधीच करायचं नाही.

येत्या आखाजीला एवढं कराच. फांदी मजबूत आहे ना, हे मोठ्यांकडून बघून घ्या. मग झोक्याच्या दहा फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते मोजा, आधी आजीला बसवून, मग धाकट्या भावाला. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि आम्हाला पत्रानं कळवा.