डोकं बाहेर, धड खोलीत!

एक मोठ्ठा श्वास घ्या बघू. छाती फुगली ना? कुणी फुगवली? फुफ्फुसांनी? छे! फुफ्फुसांना स्वतःला फुगवणारे स्नायूच नसतात. बरगड्यांमधले स्नायू आणि खालचं श्वासपटल मिळून छातीचा पिंजरा मोठा करतात. आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा नाकावाटे आपसूक आत येते.

फुफ्फुसाला मात्र सतत आकसायचं असतं. त्याच्या आणि बरगड्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून ते ताणलेलं राहतं. छाती उघडली, की त्या फटीत हवा घुसते आणि फुफ्फुस गाठ सुटलेल्या फुग्यासारखं मिटतं! त्यामुळे सव्वाशे वर्षांपूर्वी पोटाची ऑपरेशनं बिनधास्त करणारे सर्जनही छातीपुढे हात टेकायचे.

तेव्हा जर्मनीत असलेल्या ब्रेस्लाउ शहरात (आता ते पोलंडमध्ये आहे) मिकुलिच नावाचे नामांकित सर्जन होते. त्यांनी हे कोडं हाताखालच्या फर्डिनांड साउअरब्रूख या तरुण डॉक्टरकडे सोपवलं. साउअरब्रूख यांनी विचार केला, बाहेरचा दाब जास्त म्हणून हवा आत घुसते ना? मग बाहेरचाच दाब कमी करू!

त्यांनी एक पेटी बनवली. कुत्र्याची छाती पेटीत, डोकं बाहेर. पेटीतली थोडी हवा काढून टाकली, बाजूच्या भोकांतून हात आत घातले आणि छाती उघडली. कुत्रा श्वास घेतच राहिला! पण मिकुलिचना प्रयोग दाखवायच्या दिवशीच पेटीत कुठूनशी हवा शिरली आणि कुत्रा दगावला. सर असे भडकले, की साउअरब्रूखना घालवूनच दिलं. पुढे दोघांचं जमलं म्हणा.

मग माणसांसाठी आख्खी खोलीच तयार झाली. सर्जन आत, मदतनीस आत, रुग्णाचं धडही आत. डोकं तेवढं भिंतीतल्या भोकातून बाहेर आणि मानेभोवती घट्ट रबरी पट्टा! भूल देणारा डॉक्टर बाहेर डोक्यापाशी. आत कमी दाब, बाहेर नाकातोंडाशी नेहमीचा. म्हणून फुफ्फुस मिटत नसे. 1904 साली साउअरब्रूख यांनी ही युक्ती बर्लिनमध्ये सर्जनांच्या परिषदेत मांडली, तेव्हा ते तिशीचेही नव्हते.

पण एका ऑपरेशनसाठी केवढा हा खटाटोप! 1909 साली न्यूयॉर्कमध्ये मेल्टझर आणि आउअर यांनी सोपी वाट काढली. हे दोघे सर्जन नव्हते, शरीराचं काम कसं चालतं याचे अभ्यासक होते. बाहेरचा दाब कमी करण्याऐवजी त्यांनी श्वासनलिकेत नळी घालून आतूनच हवा फुंकली.

मला विचाराल तर अक्कल लढवण्यात खोलीचा नंबर पहिला, पण टिकली नळीच. आजही छातीच्या ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञ रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालतात आणि यंत्र तिच्यातून फुफ्फुसांना हवा देत राहतं.