‘चांगल्या प्रतीचे काम’ म्हणजे नेमके कसले?
कारागिरांनी कामाचा लेखी तपशील लिहायला शिकण्याची गरज

कापडाच्या धंद्यात आमचे आयुष्य गेले. मालेगाव किंवा इचलकरंजीला ऑर्डर देताना ‘चांगले कापड पाठवा’ एवढेच आम्ही कधी लिहिले नाही. पन्हा किती, सुताचा काउंट कोणता, रीड-पिक किती, रंग पक्का की कच्चा, गठ्ठ्यात किती थान, हे सारे कागदावर येते. माल उतरला की नमुन्याशी ताडून पाहिला जातो. १९३० च्या माल विक्री कायद्यातही वर्णनावरून आणि नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीसाठी स्वतंत्र कलमे आहेत. ही सवय आमच्या हाडीमाशी भिनलेली. तरीही स्वतःचे गोदाम बांधताना आम्ही ती विसरलो. त्याची किंमत आम्ही मोजली आणि आमच्याहून जास्त एका मिस्त्रीने मोजली.

काही वर्षांपूर्वी मेहरूणमध्ये आम्ही गोदाम बांधायला घेतले. मिस्त्री मोहल्ल्यातलेच, हात सफाईदार, माणूस इमानदार. वहीच्या अर्ध्या पानावर करार झाला. चौरस फुटाचा दर, हप्ते, आणि शेवटी एक ओळ : ‘सर्व काम चांगल्या प्रतीचे करणे.’ दोघांनी सह्या केल्या.

स्लॅब मे महिन्यात पडला. जळगावचा मे महिना वाचकांना सांगायला नको. स्लॅबवर पाणी मारायचे, ज्याला आमचे मिस्त्री तराई म्हणतात, ते टँकरने विकत आणावे लागत होते. टँकरचे पैसे कोणी द्यायचे हे कागदावर नव्हते. आम्ही समजलो मिस्त्री आणतील, ते समजले सेठ आणतील. चार दिवसांनी तराई थांबली. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालायचा की नाही, हेही लिहिलेले नव्हते. जुलैत स्लॅब गळू लागला आणि सुती मालाचे गठ्ठे भिजले.

आम्ही शेवटचा हप्ता रोखला. मिस्त्री म्हणाले, “सेठ, तराईचे पाणी आणि कोबा माझ्याकडे होता, असे कागदावर कुठे आहे?” आम्ही म्हणालो, “तुमच्याकडे नव्हता, असे तरी कुठे आहे?” दोघेही खरे बोलत होतो आणि दोघेही अडलो होतो. फरक एवढाच की पैसे आमच्या हातात होते. त्यांच्या मजुरांची मजुरी मात्र त्यांना खिशातून द्यावी लागली. मशिदीच्या दारात समोरासमोर येऊनही आम्ही काही महिने एकमेकांशी बोललो नाही.

येथे एक गोष्ट कारागीर बांधवांनी नीट लक्षात घ्यावी. जे कागदावर नसते, त्याचा भुर्दंड बहुतेक वेळा काम करणाऱ्याच्या मजुरीतून जातो. मालकाकडे रोखायला हप्ता असतो, मिस्त्रीकडे काय असते? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २९ नुसार, ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही असा करार रद्दबातल ठरतो. ‘चांगल्या प्रतीचे’ या शब्दांवर भांडण उभे राहिले, तर ते सोडवणार कसे?

यावरचा उपाय म्हणजे स्पेसिफिकेशन, अर्थात कामाचा लेखी तपशील. नकाशा सांगतो काय आणि कुठे बांधायचे. स्पेसिफिकेशन सांगते कोणत्या मालाने, कशा रीतीने, कोणत्या कसोटीवर उतरेल असे, आणि मोजमाप कसे धरायचे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने यासाठी प्रमाण स्पेसिफिकेशनचे ग्रंथच काढले आहेत. त्यात इमारतीच्या कामांना खुणा आहेत : ‘बीडी.जी’ म्हणजे वीटकाम, ‘बीडी.एल’ म्हणजे गिलावा. सरकारी निविदेत या खुणा आल्या की त्यामागची सारी कलमे ठेकेदारावर बंधनकारक होतात. न वाचता सही करणारा ठेकेदार पुढे फसतो, तो येथेच.

आमचेच उदाहरण घ्या. काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे भारतीय मानक आहे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस पाणी द्यावे, असे ते सांगते. राखमिश्रित पीपीसी सिमेंट असेल तर ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. आमच्या स्लॅबला मिळाले चार दिवस. ‘स्लॅबला १४ दिवस पाणी, टँकर मालकाचा, मारणारा माणूस मिस्त्रीचा’ एवढी एक ओळ लिहिली असती, तर भांडणाला जागाच उरली नसती.

मोजमापाचेही तसेच. गिलाव्याच्या कामात खिडक्या-झरोक्यांची वजावट किती धरायची, यावरून रोज वाद होतात. आयएस १२०० या मोजमापाच्या मानकात ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करू नये, असा नियम आहे. लहान झरोके वजा करून मजुरी कापली जाते, तेव्हा किती मिस्त्रींना हे ठाऊक असते?

जगात ही विद्या स्वतंत्र पेशा म्हणून शिकवली जाते. अमेरिकेत १९४८ साली सरकारी खात्यांतल्या स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्यांनी कन्स्ट्रक्शन स्पेसिफिकेशन्स इन्स्टिट्यूट स्थापन केली. बांधकामाच्या कागदपत्रांचे ज्ञान तपासणारी तिची परीक्षा आहे. तिची ‘मास्टरफॉरमॅट’ ही वर्गवारी पूर्वी १६ विभागांची होती, २००४ साली ती ५० विभागांची झाली. आखाती देशांतल्या अनेक मोठ्या प्रकल्पांत हीच पद्धत चालते. तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलांपैकी ज्याला हा कागद वाचता येतो, त्याला मजुरीच्या पुढची वाट मोकळी होते.

आपल्याकडे काय आहे? जळगाव आणि धुळे येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत. स्थापत्य पदविकेत एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग हा विषय शिकवला जातो. पुण्याची निकमार १९८३ पासून बांधकाम व्यवस्थापन शिकवते. नाशिकची मेटा शासकीय अभियंत्यांना प्रशिक्षण देते. म्हणजे अभियंत्यांची सोय आहे. प्रत्यक्ष थापी हातात धरणाऱ्याची सोय मात्र अपुरी आहे. त्यातच हे ग्रंथ इंग्रजीत. आमची शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी कागदापुढे माणूस कसा गप्प बसतो हे आम्हाला चांगले कळते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मोहल्ल्यातल्या शाळेची एक खोली रविवारी दोन तास मिळावी. निवृत्त अभियंत्यांनी शिकवावे. एका रविवारी एकच काम घ्यावे. उदाहरणार्थ गिलावा : जाडी १२ मिलिमीटर, सिमेंट-वाळू १ ला ४, वाळू चाळलेली, भिंत आधी भिजवलेली, नंतर ७ दिवस पाणी, मोजमाप कसे, पाणी कोणाचे, पैसे कधी. प्रत्येकाने हे मराठीत किंवा उर्दूत स्वतःच्या हाताने लिहावे. दहा-बारा रविवारांत घराचे सारे काम कागदावर येईल.

आमच्या गोदामाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. दुसऱ्या उन्हाळ्याआधी आम्हीच मिस्त्रींच्या घरी गेलो. रोखलेला हप्ता दिला आणि कोब्याचे काम त्यांनाच सांगितले. या वेळी कागद त्यांच्याकडून आला. तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने उर्दूत नऊ कलमे लिहिली होती. पाचवे कलम होते : टँकर सेठचा. आम्ही हसून सही केली. त्यानंतर गोदामात थेंब आलेला नाही.

तो कागद आम्ही आमच्या चोपडीत जपून ठेवला आहे. कारागीर बांधवांनो, पुढचे काम घेण्यापूर्वी असा एक कागद लिहा. मालक मंडळींनो, तो मागून घ्या. इमानदारीला लेखणीची जोड मिळाली, तर मजुरीही वाचेल आणि शेजारही.