तळ्याच्या तळाशी उगवतो गहू!

भोपाळहून आग्नेयेला साधारण २८ किलोमीटर गेलं, की बेतवा नदीच्या काठी भोजपूर नावाचं गाव लागतं. शहराची वर्दळ केव्हाच मागे पडलेली असते. इकडे टेकडी, तिकडे टेकडी, मध्ये लांबच लांब शेतं आणि अधूनमधून एखादी छोटी वस्ती. हा रायसेन जिल्हा. २०११च्या जनगणनेत इथे एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १५७ माणसं राहत होती. आपल्या महाराष्ट्रात तेव्हा हाच आकडा ३६५ होता. म्हणजे इथे माणसं कमी, मोकळं रान जास्त! हिवाळ्यात गहू-हरभरा, पावसाळ्यात सोयाबीन आणि भात, असा इथल्या शेतकऱ्यांचा वर्षाचा फेरा.

आता गंमत ऐका. सातशे वर्षांपूर्वी तुम्ही यातल्या एखाद्या शेताच्या जागी उभे राहिला असतात, तर नाकातोंडात पाणी गेलं असतं! कारण तिथे तळं होतं. तेही कसलं? जुन्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६५० चौरस किलोमीटरचं. अख्खी बृहन्मुंबई त्यात मावली असती आणि वर थोडी जागा उरली असती. मंडीदीप हे आजचं कारखान्यांचं गाव म्हणजे त्या तळ्यातलं बेटच होतं, असं तिथले लोक सांगतात.

एवढं मोठं तळं आलं कुठून? ते निसर्गाने केलेलं नव्हतं, माणसांनी बांधलेलं होतं. अकराव्या शतकात माळव्यावर परमार घराण्याच्या भोज राजाचं राज्य होतं. त्याच्या कारागिरांनी एक जागा अचूक हेरली. चहूबाजूंनी टेकड्यांचं कडं आणि त्या कड्याला मोजक्याच फटी. फटी बुजवल्या की पाणी आत अडलंच! मग त्यांनी त्या फटींत बांध घातले. बेतवेचं पाणी पुरणार नाही म्हणून कलियासोत नदीही तळ्याकडे वळवली.

हे बांध जरा जवळून बघू. मध्ये मातीचा जाडजूड भराव आणि दोन्ही अंगांना एकावर एक रचलेले प्रचंड दगड. दगडांच्या सांध्यांत चुना नाही की आणखी काही नाही. नुसत्या वजनाने ते जागच्या जागी बसलेले. पाणी अडवायचं काम मातीचं आणि लाटांच्या माऱ्यापासून माती वाचवायचं काम दगडांचं. एका बांधाची उंची होती ४४ फूट आणि तळाशी रुंदी तब्बल ३०० फूट! उंचीच्या जवळजवळ सातपट रुंदी कशाला? कारण पाणी जितकं खोल, तितका त्याचा दाब जास्त. बांधाला सगळ्यात मोठा धक्का तळाशी बसतो. म्हणून पाया भक्कम हवा.

पण मातीच्या बांधाचा खरा शत्रू वेगळाच. पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं आणि पाणी बांधावरून वाहू लागलं, तर? माती धुपत जाते आणि बघता बघता बांध फुटतो. त्यासाठी या कारागिरांनी तळ्याच्या पूर्वेला एक सखल टेकडी गाठली आणि तिचा कठीण खडक फोडून जादा पाण्याला वाट काढून दिली. तिला म्हणतात सांडवा. जादा पाणी खडकावरून जाऊ दे, खडक धुपत नाही! इंग्रज अधिकारी विल्यम किंकेड याने हा परिसर पालथा घातला आणि १८८८मध्ये त्यावर लेख लिहिला. तोही या हिशेबावर खूश झाला होता.

मग असं तळं गेलं कुठे? पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने बांध फोडला. गोंड लोकांनी ही गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगत जपली आहे. त्यांच्या गोष्टीत बांध फोडायला सैन्याला तीन महिने लागले, तळं रिकामं व्हायला तीन वर्षं लागली आणि तळाची जमीन राहण्याजोगी व्हायला तीस वर्षं! आकडे गोष्टीतले आहेत, तेव्हा थोडे फुगलेलेही असतील. पण पाणी गेल्यावर लगेच घरं का बांधता येणार नाहीत, हे तुम्ही घरीच शोधू शकता.

काचेची एक बरणी घ्या. तिच्यात मूठ-दोन मूठ शेतातली माती टाका, वर पाणी ओता, झाकण लावा आणि जोरात हलवा. आता बरणी ठेवून द्या. वाळूचे जाड कण मिनिटभरात खाली बसतील. त्यावर बारीक गाळ बसेल. आणि सगळ्यात बारीक चिकण कण? ते दुसऱ्या दिवशीसुद्धा पाणी गढूळ करत असतील. ते बसले की वरचं पाणी हळूच ओतून टाका आणि बरणी उघडी ठेवा. तळाचा चिखल कधी सुकतो, ते रोज बघा. चिकण माती पाणी सहजासहजी सोडत नाही. भोजपूरच्या तळ्यात तर नद्या-ओढे शेकडो वर्षं गाळ आणून टाकत होते. पाणी गेल्यावर तिथे नुसती दलदल आणि डास! माणसं तिकडे फिरकणार कशी?

पण दलदल सुकली आणि त्याच गाळाने शेतकऱ्यांना हात दिला. बारीक मातीत ओल टिकते आणि ती ओल गव्हाला मानवते. हळूहळू नांगर आले, वस्त्या आल्या. ‘तळं राखील तो पाणी चाखील’ ही म्हण तुम्हाला माहीत आहे. इथे तळं गेलं आणि लोकांनी गहू चाखला!

भोजपूरच्या टेकडीवर भोज राजाच्या काळातलं एक अपुरं राहिलेलं शिवमंदिरही आहे. जड दगड वर चढवण्यासाठी केलेला मातीचा उतार अजून मंदिरामागे दिसतो. आजूबाजूच्या खडकांवर मंदिराचे नकाशे कोरलेले आहेत. कारागिरांचा कागद म्हणजे हा खडकच! महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते आणि एरवी शांत असणारं गाव माणसांनी फुलून जातं.

तुमच्या गावाजवळही एखादा पाझर तलाव किंवा छोटं धरण असेल. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन तिथे जा आणि दोन गोष्टी शोधा: सांडवा कुठे काढला आहे, आणि तो बांधापेक्षा किती खाली ठेवला आहे? मग वहीत त्याचं चित्र काढा आणि वर्गात सगळ्यांना विचारा, ‘हा सांडवा बुजवला तर काय होईल?’