छायाचित्रातील वाघ संगणक कसा वेगळा काढतो?

जबलपूर शहरातून कान्हा, बांधवगड आणि पेंच या तिन्ही व्याघ्र प्रकल्पांकडे रस्ते जातात. या जंगलांतील वाघांची संख्या जाहीर होते, तेव्हा तिच्यामागे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेली असंख्य छायाचित्रे असतात. गणनेसाठी मात्र प्रत्येक छायाचित्राचा अल्प भागच उपयोगी पडतो. गवत, झाडे आणि पायवाट वगळून वाघाच्या अंगावरील पट्टे तेवढे वेगळे काढावे लागतात.

पूर्वी वाघांची गणना पायांच्या ठशांवरून होत असे. एकाच वाघाचे ठसे निरनिराळ्या वाघांचे समजले जाण्याचा धोका त्या पद्धतीत होता. राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ साली स्पष्ट झाले आणि ती पद्धत मागे पडली. २००६ च्या गणनेत कॅमेऱ्यांचा आधार घेण्यात आला.

मनुष्याच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे पट्टेही सारखे नसतात. त्यामुळे पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बसविले जातात.

संगणकाच्या लेखी छायाचित्र म्हणजे आडव्या ओळी आणि उभ्या स्तंभांत मांडलेले आकडे होत. १५०० ओळी आणि २००० स्तंभांच्या चित्रात ३० लाख बिंदू असतात. त्यातील ५०० ओळी आणि ९०० स्तंभांचा आयत निवडल्यास साडेचार लाख बिंदू उरतात. ही मोजणी डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून, शून्यापासून सुरू होते. 'ओपनसीव्ही' हा प्रचलित आज्ञावली-संग्रह पायथन भाषेत वापरताना आधी ओळ आणि मग स्तंभ सांगावा लागतो. हा क्रम उलटल्यास वाघाऐवजी झाडाचे खोड हाती येऊ शकते. शिवाय असा निवडलेला भाग ही स्वतंत्र प्रत नसते. त्यावर खूण केल्यास संगणकाच्या स्मृतीतील मूळ चित्रही बदलते. म्हणून आधी प्रत काढून घेणे श्रेयस्कर ठरते.

आयतात वाघाबरोबर गवतही येते. ते वगळण्यासाठी, कोणता बिंदू ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे सांगणारा मुखवटा तयार करतात. २००४ साली मांडण्यात आलेली 'ग्रॅबकट' पद्धत, वापरणाऱ्याने आखलेल्या चौकटीवरून रंगांच्या आधारे असा मुखवटा बनविते.

तथापि, वाघाचे शरीर सपाट नसते आणि चालताना पट्टे वाकडे दिसतात. त्यामुळे वाघ ओळखणारी आज्ञावली आणखी पुढे जाते. छायाचित्रावर शरीराचे ठळक बिंदू दाखविल्यावर ती वाघाची त्रिमितीय आकृती त्यावर बसविते, पट्ट्यांचा नमुना उलगडून घेते आणि संग्रहातील नमुन्यांशी ताडून पाहते. अंतिम निर्णय मात्र माणसाच्या नजरेचाच असतो.

२०१८ च्या गणनेत २६ हजार ८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. मिळालेल्या सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रांपैकी ७६ हजार ६५१ छायाचित्रे वाघांची होती. त्यांतून २,४६१ वाघ स्वतंत्रपणे ओळखता आले. कॅमेऱ्यात न आलेल्या वाघांचा संख्याशास्त्राच्या साहाय्याने अंदाज घेऊन देशातील एकूण संख्या २,९६७ ठरविण्यात आली. २०२२ च्या गणनेत मध्य प्रदेशात ७८५, तर महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला.

पेंचचे जंगल या दोन्ही राज्यांत पसरलेले आहे आणि वाघ राज्यांची सीमा जाणत नाही. दोन्हीकडे टिपलेला वाघ एकच आहे, हे पट्टे नीट वेगळे काढले तरच कळते, अन्यथा तो दोनदा मोजला जाईल. हाच नमुना शिकारीच्या तपासातही उपयोगी पडू शकतो. लेक्स हायबी, उल्हास कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात जिवंत वाघांची छायाचित्रे आणि वाघांची कातडी यांची अशी जुळवणी दाखविली आहे. त्याच वर्षी मध्य प्रदेशातील पन्ना प्रकल्पात वाघ उरले नसल्याचे स्पष्ट झाले आणि कान्हा व बांधवगड येथून वाघिणी तेथे नेण्यात आल्या. जंगलात वाघ खरोखर किती उरले आहेत, हे वेळेवर कळणे किती आवश्यक आहे, याची साक्ष या घटनेने दिली.