धातूंना धरणारे रेणू

धातूचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, पाण्यात कधी एकटा राहत नाही; पाण्याचे किंवा अन्य पदार्थांचे रेणू त्याच्याभोवती जमतात आणि त्याच्याशी बंध जोडतात. यांपैकी जो रेणू आपल्यातील दोन किंवा अधिक अणूंनी एकाच आयनाला एकाच वेळी, खेकड्याने नांग्यांत भक्ष्य पकडावे तसा धरतो, त्याला चिलेटिंग एजंट आणि त्या पकडीतून तयार होणाऱ्या संयुगाला चिलेट म्हणतात. एखादा बंध सुटला तरी उरलेले बंध आयनाला जवळच रोखतात व सुटलेला बंध पुन्हा जुळतो, त्यामुळे ही पकड सुट्या बंधांपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट असते. रक्तातील हिमोग्लोबिनमधले लोह आणि पानांच्या हरितद्रव्यातले मॅग्नेशियम अशाच पकडीत बसलेले असते.

मानवनिर्मित चिलेटिंग एजंटांमध्ये सर्वांत परिचित आहे तो ईडीटीए. फर्डिनांड म्यून्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३५च्या सुमारास तो तयार केला, तेव्हा त्यामागे औषधाचा विचार नव्हता. कापडउद्योगातील पाण्यात असलेले कॅल्शियम बांधून टाकण्यासाठी सायट्रिक ॲसिडला पर्याय हवा होता. दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन अशा सहा अणूंनी धरणारा हा रेणू आज महाविद्यालयीन प्रयोगशाळेत पाण्याचा जडपणा मोजतो, आणि रक्तपेशींच्या मोजणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू देत नाही, कारण गोठण्याच्या क्रियेला लागणारे कॅल्शियम तो आधीच अडकवून ठेवतो. द्राक्षबागायतदार ‘चिलेटेड’ म्हणून जी सूक्ष्म अन्नद्रव्ये विकत घेतात, त्यांतही पुष्कळदा हाच असतो. मात्र चुनखडीयुक्त जमिनीत ईडीटीएने धरलेले लोह निसटून जाते आणि तेथे ईडीडीएचए हा त्याहून घट्ट पकडीचा रेणू लागतो.

नळीत जी गोष्ट सोयीची, तीच शरीरात घातक ठरू शकते, कारण चिलेटिंग एजंटाला धातू इष्ट की अनिष्ट हे कळत नाही. कोणत्या धातूवर त्याची पकड अधिक घट्ट आहे एवढ्यावरच सर्व अवलंबून असते. शिशाच्या विषबाधेत ईडीटीए देतात तो आधीच कॅल्शियम धरलेल्या रूपात, म्हणजे कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए म्हणून. शिसे त्यातील कॅल्शियमला हटवून त्याची जागा घेते आणि लघवीवाटे बाहेर पडते, तर रक्तातील कॅल्शियमला धक्का लागत नाही. नुसते डायसोडियम ईडीटीए मात्र रक्तातलेच कॅल्शियम ओढून घेते, आणि ते झपाट्याने घसरले की हृदय बंद पडू शकते. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात चिलेशन उपचारानंतर दोन मुले आणि एक स्त्री अशा तिघांचा कॅल्शियम घटून मृत्यू झाला. यावरून धडा घ्यायला हवा, कारण हृदयाच्या धमन्या ‘साफ करण्याच्या’ नावाखाली चिलेशनची जाहिरात आजही केली जाते. या दाव्याची कसोटी मोठ्या चाचण्यांनी घेतली आहे: २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत थोडा लाभ दिसला, परंतु आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेहींवरील दुसऱ्या चाचणीने २०२४मध्ये त्याला दुजोरा दिला नाही.

चिलेशन खऱ्या अर्थाने आयुष्य वाढवते ते थॅलेसेमियात. या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही, म्हणून मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते, आणि जादा लोह बाहेर टाकण्याची स्वतंत्र व्यवस्था मानवी शरीरात नाही. ते यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत आणि हृदयात साचते, व उपचार न मिळाल्यास रुग्ण बहुधा हृदय निकामी होऊन दगावतो. उल्हासनगरसारख्या सिंधी वस्तीच्या शहरांत हा प्रश्न अनेक कुटुंबांना ठाऊक आहे, कारण या समाजात आजाराचे वाहक प्रमाणाने अधिक आढळतात.

या साचलेल्या लोहावरचे पहिले प्रभावी औषध डेस्फेरिऑक्सामाइन हे स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूपासून मिळाले. ते त्वचेखाली पंपाने रात्रीचे आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच रात्री तरी द्यावे लागते. लहान मुलाने वर्षानुवर्षे रोज सुई टोचून घेऊन झोपणे किती कठीण आहे आणि पंप व औषध यांचा खर्च किती घरांना झेपतो, याचा विचार केल्यास तोंडाने घेण्याच्या औषधाचे मोल कळते. असे औषध डेफेरिप्रोन १९९०च्या दशकाच्या मध्यास जगात सर्वप्रथम भारतात परवानगी मिळून बाजारात आले, आणि ते मुंबईच्या सिप्ला कंपनीने आणले. युरोपात ते १९९९मध्ये, तर अमेरिकेत २०११मध्ये मंजूर झाले. हा रेणू लोहाला दोनच अणूंनी धरतो, म्हणून एका लोह आयनासाठी तीन रेणू लागतात, परंतु आकाराने लहान असल्याने तो हृदयाच्या पेशींतही शिरतो. काही रुग्णांत तो पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटवतो, म्हणून नियमित रक्ततपासणी आणि ताप येताच औषध थांबवून डॉक्टरांकडे जाणे अनिवार्य असते. पुढे आलेले डेफेरासिरॉक्स दिवसातून एकदा घेतले की पुरते, मात्र त्यात मूत्रपिंड व यकृत यांवर लक्ष ठेवावे लागते. कोणतेही औषध असो, साचलेल्या लोहाचा अंदाज देणारी फेरिटिनची पातळी उतरू लागली की मात्रा कमी करतात. धरण्याजोगे जादा लोह उरलेले नसताना डेस्फेरिऑक्सामाइन भरपूर मात्रेत चालू ठेवल्यास रुग्णाच्या दृष्टीला आणि श्रवणाला इजा होऊ शकते.